छत्रीवालीचा बुधवार

पहाटे 4.30
जव्हार तालुक्यातला एक पाडा. कुडाच्या घरात चूल पेटलीय. नागलीच्या भाकरी थापणं चाललंय, बाजूला उडदाची आमटी. थापणाऱ्या बाईचं वय चौतीस. शिक्षण आश्रमशाळेत दहावीपर्यंत. मुलं दोन, थोरला आश्रमशाळेत, धाकटी इथे गोधडीत. आज 12 ऑक्टोबर 2022. रविवारी, 16 तारखेला मतदान आहे आणि ही बाई थेट सरपंचपदाची उमेदवार आहे. खुंटीला काळी छत्री लटकतेय. तेच तिचं निवडणूक चिन्ह. छत्री 220 रुपयांची. खर्चाच्या वहीत पहिली ओळ तिचीच आहे.

5.30
दोन हंडे घेऊन विहिरीवर. ऑक्टोबरात पाणी वर असतं, दोर अर्धाच सोडावा लागतो. मे महिन्यात हीच विहीर तळ दाखवते. विहिरीवर सात-आठ बायका आहेत. ती मत मागत नाही. कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाचं भात कापून झालं, एवढंच बोलणं. एक बाई हंडा उचलता उचलता सांगते, "काल रात्री समोरचे आलेले. पोरांना मटण दिलं." ही म्हणते, "खाऊ दे की. बटण दाबायला आत एकेकटंच जायचंय."

7.00
घरचं हळवं भात पिकलंय. गरवं अजून हिरवं आहे. नवरा-बायको दोघं विळे घेऊन खाचरात उतरतात. डाव्या मुठीत चुडा धरायचा, उजव्या हाताने बुडाशी ओढायचा. तीन-चार मुठी झाल्या की आडवं पसरायचं. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. कापलेलं भिजलं तर दाणा काळा पडतो, उभं ठेवलं तर आडवं होतं. म्हणून रोज दोन तास शेत आणि मग प्रचार. नवरा कमरेवर हात ठेवून आभाळ बघतो. "आज पडेल," म्हणतो.

9.15
पिशवीत काय काय आहे? खर्चाची वही. नमुना मतपत्रिकेच्या झेरॉक्स. प्लास्टिकच्या पाकिटात अर्जाच्या वेळची कागदं: जात वैधता, शौचालयाचा दाखला, निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्याचं पासबुक. ही कागदं जमवायला तालुक्याला पाच फेऱ्या झाल्या. पाच दिवसांची मजुरी गेली. आता त्यांचं काम संपलंय, पण घरी ठेवायचा धीर होत नाही.
भाच्याची मोटारसायकल आहे. दोन लिटर पेट्रोल, लिटरला 106 रुपये. ओढ्यापर्यंत गाडी, पुढे पायवाट. ओढ्यावर साकव नाही. चपला हातात, साडी गुडघ्यावर, छत्री काखेत.

10.30
पलीकडच्या पाड्यात घरं बंद. माणसं सगळी खाचरात. ती बांधावर पिशवी ठेवते, एक विळा मागून घेते आणि ओळीत उभी राहते. इथे प्रचार असाच होतो. हात थांबवून कुणी ऐकत नाही. कापणीचे दिवस आहेत.
एक म्हातारा मान वर न करता विचारतो, "बाय, निवडून आलीस तर काय करशील?"
"दिवाळीनंतर गावातच काम काढीन. हमीचं."
"हमीचे पैसे कधी मिळतात? वीटभट्टीवर आठवड्याला खर्ची तरी हातात पडते."
बाकीचे हसतात. तीही हसते, पण विळा थांबत नाही. रोजगार हमीचा यंदाचा दर दिवसाला 256 रुपये. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं आणि मजुरीही 15 दिवसांच्या आत, असा कायदा. ती त्याला एवढंच सांगते, "बाबा, काम तोंडाने मागायचं नाही. नमुना 4 भरायचा. तारखेची पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. मी सरपंच असले तर पावती मी देईन. नसले तर तुमच्याबरोबर मागायला येईन."
म्हातारा काही बोलत नाही. तिच्या ओळीतला राहिलेला चुडा तो स्वतः कापतो.

12.30
पाऊस आला. सगळे कापलेलं उचलायला धावतात. ती छत्री उघडत नाही. दोन हात भाऱ्याला लागतात. वीस मिनिटांत भिजून सगळे एका पडवीत. कोणी तरी भाकर आणि सुकटीची चटणी पुढे करतं. आता छत्री उघडून वाळत टाकलीय. पोरं तिच्याखाली जाऊन बसतात. भाचा मोबाइलवर फोटो काढतो.

1.30
पडवीतच मतदानाची शिकवणी. ग्रामपंचायतीत नऊ सदस्य, तीन वॉर्ड. प्रत्येक मतदाराला चार मतं: एक सरपंचाला, तीन वॉर्डातल्या सदस्यांना. सरपंचपदाची पत्रिका फिकट निळी असते. सत्तरीच्या एका आजीला हे पटत नाही. "मी छत्री दाबीन नि येईन."
"आजी, छत्री दाबून लगेच निघायचं नाही. चारही दाबायची. मग मशीन वाजतं."
"मग बाकीची तीन कुणाला?"
"तुला आवडतील त्यांना."
आजी झेरॉक्सवर बोट ठेवते. छत्रीवर बरोबर पडतं. खालच्या तीन ठिकाणी बोट फिरत राहतं. पाच वेळा घोकून घेतात. सहाव्या वेळी आजी स्वतःच तोंडाने मशीनसारखा आवाज काढते.

3.00
जव्हारचा बाजार. छापखान्यातून 1,000 पत्रकं उचलायची. खाली मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, किती प्रती, सगळं छापलेलं आहे का ते ती आधी बघते. मग स्वतःचा फोटो. फोटो जरा काळा आलाय. छापखानेवाला म्हणतो, "ताई, रंगीत केलं असतं तर उठून दिसला असता." रंगीत दुप्पट पडत होतं. 900 रुपये देते, पावती घेते. भाचा, बरोबर आलेली दोन पोरं आणि ती, वडापाव-चहाचे 120. ती वडापाव अर्धाच खाते, उरलेला कागदात बांधून धाकटीसाठी.
पेसा कायद्यामुळे अनुसूचित क्षेत्रातलं प्रत्येक सरपंचपद आदिवासींसाठी राखीव. कायदा 1996 चा. हा उभं राहण्याचा हक्क. फोटो, पेट्रोल आणि वडापाव ज्याचे त्याने बघायचे.

5.15
घराच्या ओट्यावर मुकादम बसलाय. भिवंडीकडच्या वीटभट्टीचा. दरवर्षी याच सुमारास येतो आणि जोडीला बयाणा देऊन जातो. जोडी म्हणजे नवरा-बायको. दिवाळीनंतर न्यायचं, पावसाआधी आणून सोडायचं. मधल्या काळात पाड्यात म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. कुठे गेले विचारलं की उत्तर एकच: जगायला गेले.
मुकादम खिशातून 10,000 रुपये काढून मांडीवर ठेवतो. "यंदा येणार ना?"
नवरा बायकोकडे बघतो.
"सरपंच झालीस तर किती देतात गं?" मुकादम विचारतो.
"महिन्याला 3,000."
तो हसत नाही. मनातल्या मनात हिशोब करतो. दोन हजारांच्या आत लोकवस्ती असलेल्या गावाच्या सरपंचाचं मानधन तेवढंच. ते 6,000 झालं पुढे 2024 मध्ये. जोडी दिवसाला हजारेक विटा पाडते, आणि एकट्या माणसाची जोडी होत नाही. ती निवडून आली तर नवऱ्यालाही भट्टी नाही.
"18 तारखेला ये," ती म्हणते. मुकादम नोटा परत खिशात घालतो. पाणी पितो आणि पुढच्या घराकडे जातो.

7.30
अंगणात बैठक. सौर दिव्याखाली तीसेक माणसं. भाषण नाही. बारावी झालेला एक पोरगा विचारतो, "पेसाचा पाच टक्के निधी येतो, त्याचं काय झालं आजवर?" आदिवासी उपयोजनेतला हा अबंध निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतीला मिळतो. कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेत ठरतं.
"मला माहीत नाही," ती म्हणते. "पासबुक मी बघितलेलं नाही. निवडून आले तर पहिल्या ग्रामसभेत पानन् पान वाचून दाखवीन."
"आणि नाही आलीस तर?"
"तर तू वाचायला माग. तुलाही हक्क आहे."
पोरगा गप्प बसतो. मागून कोणी तरी म्हणतं, "ओढ्याच्या साकवाचं बोल." मग साडेआठपर्यंत साकवच.

9.30
धाकटी अर्धा वडापाव खाऊन झोपलीय. मोबाइलच्या उजेडात वही उघडते. पेट्रोल 212. पत्रकं 900. चहा-वडापाव 120. झेरॉक्स 40. बेरीज 1,272. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सरपंचपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 50,000 रुपये. मर्यादेची तिला चिंता नाही. भीती हिशोब चुकायची आहे. निकालानंतर 30 दिवसांत तो दिला नाही तर अपात्र ठरतात. ती बेरीज पुन्हा एकदा करते.
नवरा विचारतो, "18 ला त्याला काय सांगायचं?"
"17 ला मोजणी आहे. तेव्हा कळेल."
छत्री खुंटीला. विळे दाराशी. उद्या सकाळी उरलेलं हळवं कापायचंय.