गाव पारखावे कसे?

मुलगी द्यायची झाली की आपण नुसता मुलगा पाहत नाही, गावही पाहतो. विहिरीला पाणी किती दिवस राहते, हंडा किती लांबून आणावा लागतो, हे सोयरे आधी विचारतात. कोरड्या गावात मुलगी द्यायला आईबाप कचरतात. ही पारख शहाणपणाची आहे. जमीन घेताना, शहर सोडून गावी परतताना, किंवा आपलेच गाव वाईट दिवसांत किती तग धरील हे ठरवतानाही हीच पारख लावावी.

श्रावणात सगळीच गावे हिरवी दिसतात. म्हणून गाव पाहावे वैशाखात. आणि विचारावे ते वाईट सालाबद्दल. "२०१५ साली, २०१८ साली पाऊस कमी झाला, तेव्हा तुमच्याकडे टँकर आला का? किती महिने?" म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारावा. उत्तर देताना माणसे कुठे थांबतात, तेही ऐकावे.

पाणी

पहिली परीक्षा पाण्याची. इथे थोडे गणित करू. पाटी घ्या आणि मांडून पाहा.

एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. गावाचे शिवार एक हजार हेक्टर असेल, तर एक मिलिमीटर पावसाचे एक कोटी लिटर पाणी झाले.

आता गावात एक हजार माणसे धरा. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरा. सरकारी नळयोजनेचे मापही एवढेच आहे. वर्षाचे झाले सुमारे दोन कोटी लिटर. पाचशे मोठी जनावरे धरा, प्रत्येकाला रोज ५० लिटर. वर्षाचे एक कोटीहून थोडे कमीच. म्हणजे माणसे आणि गुरे मिळून वर्षाला तीन कोटी लिटर पाणी पुरे. शिवारावर पडलेला तीन मिलिमीटर पाऊस! दुष्काळी तालुक्यातही वाईट साली याच्या कितीतरी पट पाऊस पडतो.

मग टँकर का येतो?

एक कारण असे, की पडलेले पाणी उतारावरून पळून जाते आणि उरलेले बरेचसे ऊन पिते. ते अडवले, मुरवले नाही तर विहिरीत येणार कुठून?

दुसरे कारण पिकाचे. बारा महिन्यांच्या उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. एका हेक्टरला किती झाले? दोन कोटी लिटर. म्हणजे हजार माणसांच्या गावाला वर्षभर पुरणारे पाणी अडीच एकर ऊस एकटा पिऊन टाकतो. ऊस वाईट नाही. नदीकाठी, धरणाखाली तो शोभतो. पण कोरड्या शिवारात खोल बोअर मारून लावलेला ऊस शेजाऱ्याच्या हंड्यातले पाणी ओढतो. लातूर जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. तरी २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

धान्य आणि वैरण

माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा. पाच माणसांच्या घराला वर्षाला नऊ क्विंटल लागते. यातले शिवारात किती पिकते? कापूस, सोयाबीन पैसा देतात, पण जात्यात घालता येत नाहीत. ज्वारीचे तसे नाही. दाणा माणसाला, कडबा बैलाला. पूर्वी पेवात नाहीतर कणगीत पुढच्या सालाचे धान्य असायचे. आता निदान पाभरीपुरते बियाणे तरी घरचे असावे. ज्या गावात थोडी ज्वारी, थोडी डाळ आणि थोडी वैरण शिल्लक राहते, त्या गावाला एक पडलेला पाऊसकाळ मोडू शकत नाही.

जागा आणि घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भागात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर घसरला. म्हणून घर कुठे आहे आणि कशाने बांधले आहे, हे पाहावे. पुराची खूण कुठवर आली होती, हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारावे. दवाखाना किती दूर आहे आणि पावसाळ्यात रस्ता बंद पडतो का, हेही विचारावे.

माणसे

शेवटची परीक्षा सगळ्यांत मोठी. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, कधी त्याहून कमी. १९७२ नंतर तिथली माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईला जाऊ लागली. गावात दारूच्या भट्ट्या चालत. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली, कुऱ्हाड बंद केली. हे पुष्कळ गावे करतात. हिवरे बाजारने आणखी एक गोष्ट केली. दर वर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आणि मग कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. आधी पिण्याचे पाणी, मग शेतीचे. बोअरच्या पाण्यावर शेती नाही. ऊस नाही, केळी नाही. ठरले ते सगळ्यांनी पाळायचे. पाऊस त्यांना जास्त मिळाला नाही. हिशेब आणि शब्द, या दोन गोष्टी मात्र त्यांनी धरल्या.

स्वावलंबी गाव म्हणजे जगाशी नाते तोडलेले गाव नव्हे. बारा बलुतेदार होते तेव्हाही मीठ कोकणातून येत होते. औषध, लोखंड, मास्तर बाहेरूनच येणार. पण पाणी, भाकरी आणि एकमेकांचा आधार गावातलाच असावा.

मंडळी, आता तुम्हाला वाचता-लिहिता येते. वहीत ही पाच उत्तरे लिहा, आणि पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.

१. आपल्या शिवाराचे क्षेत्र किती? गेल्या साली पाऊस किती मिलिमीटर झाला?

२. वैशाखात आपल्या विहिरीत किती परस पाणी असते?

३. गावात किती एकर ऊस आहे, आणि किती एकर ज्वारी?

४. घरात आज किती महिन्यांचे धान्य आहे?

५. ग्रामसभेत ठरलेली कोणती गोष्ट आपण सर्वांनी पाळली?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले, तर पहिले चार सुधारता येतील.