डोंगरवाट, सायकल आणि प्रथमोपचार

वाहन जितके साधे, तितका त्यावर बसणाऱ्याचा मातीशी आणि दगडाशी संबंध जवळचा. मोटारीतून जाणाऱ्यास रस्ता खिडकीतून दिसतो. सायकलस्वारास तो हातापायांना कळतो. डोंगरातील पाऊलवाटेवर तर हे विशेषच जाणवते. डोंगरात सायकल चालविण्याचा आनंद यातच आहे. आणि पडणे, खरचटणे, प्रसंगी हाड मोडणे, हा त्या आनंदाबरोबर येणारा धोकाही यातच आहे.

खेळ म्हणून डोंगरात सायकल चालविण्याची प्रथा फार जुनी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील काही तरुण जाड चाकांच्या जुन्या सायकली चढावर नेत आणि मातीच्या वाटेने वेगाने खाली येत. एक उतार इतका तीव्र होता, की मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक तापून आतील वंगण जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या वाटेस ‘रीपॅक’ असे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. आणि अवघ्या वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळाले. आता सह्याद्रीच्या घाटवाटांवरही असे सायकलस्वार दिसू लागले आहेत. शिवाय खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांना शाळेत जाण्यासाठीच उंचसखल वाटांवरून सायकल हाकावी लागते. त्यांना हा खेळ नव्हे, नित्याचा प्रवास आहे.

अशा वाटांवर अपघात कसा होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मुरमाचे खडे चाकाखाली गोट्यांप्रमाणे सरकतात. जांभ्या दगडाचे अंग खरबरीत असते. त्यावर घासले गेले तर कातडे सोलून निघते. उतारावर घाबरून पुढचा ब्रेक एकाएकी आवळला, तर पुढचे चाक जागीच थांबते. परंतु स्वाराचे शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते आणि तो हँडलवरून फेकला जातो. पडताना मनुष्य स्वभावतःच हात पुढे करतो. म्हणून मनगट, खांदा, आणि मान व खांदा यांमधील हासळीचे हाड यांना इजा होण्याचा संभव अधिक असतो. डोके आपटले तर प्रसंग याहूनही गंभीर होतो.

शहरात अपघात झाला, तर रुग्णवाहिका लवकर येऊ शकते. डोंगरात वैद्यकीय मदत पोहोचण्यास कित्येक तास लागतात. तेवढ्या काळात अपघातग्रस्ताचे बरेवाईट हे त्याच्या सोबत्यांच्या हाती असते. वैद्याकडे पोहोचेपर्यंत प्राण जपणे आणि इजा वाढू न देणे, यालाच प्रथमोपचार म्हणतात. ही विद्या केवळ वैद्यांची नव्हे, सर्वांची आहे, असे जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश फॉन एस्मार्च यांनी ओळखले. सैनिकांना उपयोगी पडणाऱ्या त्रिकोणी पट्टीचा त्यांनी प्रसार केला आणि १८८२ मध्ये कील या शहरी सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकविण्याचे कार्य सुरू केले.

प्रथमोपचाराचा पहिला नियम ऐकण्यास विचित्र वाटेल. तो नियम म्हणजे क्षणभर थांबणे. मित्र पडलेला दिसताच सर्वांनी त्याच्याकडे धाव घेणे स्वाभाविक असले, तरी मागून वेगाने येणारा दुसरा सायकलस्वार त्याच घोळक्यावर येऊन आदळू शकतो. म्हणून एकाने वाटेच्या वरच्या बाजूस काही अंतरावर उभे राहून येणाऱ्यांस सावध करावे. दुसऱ्याने जखमी मुलाजवळ बसून त्याला न हलविता त्याचे नाव विचारावे. त्याने नीट उत्तर दिले, तर तो शुद्धीवर आहे व त्याचा श्वास चालू आहे हे एकदमच कळते. त्यानंतर कोठे रक्त वाहत आहे काय, हे पाहावे.

रक्तस्राव थांबविण्याचा उपाय अगदी साधा आहे. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाब द्यावा आणि तो निदान दहा मिनिटे सोडू नये. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी मध्येच कापड उचलले, तर धरू लागलेली गुठळी निघून जाते. कापड भिजले, तर त्यावरच दुसरे ठेवावे व दाब अधिक वाढवावा. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात सुमारे तीन लिटरच रक्त असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दहा मिनिटांचे मोल कळते. काडी, काच वा तार जखमेत खोल रुतली असेल, तर ती उपटून काढू नये. कारण तीच काही वेळा रक्ताची वाट अडवून असते. तिच्या दोन्ही बाजूंस कापड ठेवून दाब द्यावा.

साध्या खरचटण्यावर भरपूर स्वच्छ पाणी ओतून माती व खडे धुऊन काढावेत. जखमेवर माती, राख किंवा तंबाखू लावण्याची चाल घातक आहे. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीतच असतात. यासाठी वयाच्या दहाव्या व सोळाव्या वर्षी प्रतिबंधक लस देतात. ती घेतली असली, तरी मातीने भरलेली खोल जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

हाड मोडल्याची शंका येताच तो अवयव आहे त्या स्थितीत स्थिर करावा. हाड मोडले आहे की नाही, याची परीक्षा अवयव ओढून वा हलवून कधीही करू नये. मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा, असे दोन्ही सांधे हलणार नाहीत अशा बेताने आधार द्यावा. त्यासाठी जाड वर्तमानपत्राची गुंडाळी, सरळ काठी, फार काय, सायकलचा हवा भरण्याचा पंपदेखील चालतो. हात किंवा हासळीचे हाड दुखावले असल्यास त्रिकोणी पट्टीची झोळी करून हात छातीशी बांधावा. पट्टी बांधल्यानंतर बोटे थंड, निळसर किंवा बधिर होऊ लागली, तर ती तत्काळ सैल करावी.

काही इजा मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. हँडलचे टोक पोटात घुसले, तर कातडीवर एखादा वाटोळा वळच उमटतो; परंतु आत यकृताला किंवा प्लीहेला जखम होऊन रक्त साचू शकते. मुलगा उठतो, हसतो, “काही झाले नाही” असे म्हणतो. आणि काही वेळाने त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, अंगाला थंड घाम सुटतो, नाडी जलद चालते व पोटात कळा येऊ लागतात. पोटावर असा मार बसला असेल, तर ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. त्याला निजवून ठेवावे; खाण्यापिण्यास काही देऊ नये. पडल्याची गोष्ट घरी सांगितली तर रागावतील, या भीतीने ती लपविणारी मुले स्वतःच्या प्राणाशी खेळत असतात.

डोक्याच्या इजेविषयीचा एक प्रसंग उद्बोधक आहे. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्धी पावलेले इंग्रज लेखक टी. ई. लॉरेन्स हे मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून जात होते. वाटेतील दोन सायकलस्वार मुलांना वाचविण्यासाठी ते एकदम वळले आणि कोसळले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्या उपचारासाठी आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी अशा अपघातांचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाने प्राण कसे वाचतात, हे १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. आजचे सायकलचे हेल्मेट त्याच विचारातून आलेले आहे. त्याच्या आतील हलका फेस स्वतः चेपला जातो आणि डोक्यावर येणारा आघात कमी करतो. म्हणूनच एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट, वरून अखंड दिसले तरी, पुन्हा वापरू नये.

डोके आपटलेल्या मुलाने त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. वारंवार वांती होणे, गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, झाल्या गोष्टीची आठवण नसणे, झटके येणे, नाकातून वा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब लावू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला उठवू नये, बसवू नये, हेल्मेटही काढू नये. एकाने दोन्ही हातांनी त्याचे डोके स्थिर धरून ठेवावे. तो बेशुद्ध असून श्वास चालू असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे वांती श्वासनलिकेत जाणार नाही. श्वासच बंद पडला असेल, तर मात्र मानेच्या इजेचाही विचार मागे ठेवावा लागतो. अशा वेळी छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटास १०० ते १२० वेळा दाब द्यावयाचा असतो. ही क्रिया पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या शिक्षकाकडून पुतळ्यावर शिकावी लागते.

डोंगरात सर्पदंशाचाही प्रसंग येऊ शकतो. तेव्हा जखम कापणे, रक्त चोखणे किंवा दोरीने करकचून बांधणे हे सर्व अपायकारक आहे. मोडलेल्या हाताप्रमाणे तो अवयव स्थिर ठेवावा, मुलाला चालू देऊ नये व त्वरित रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालणारे प्रतिविष तेथे मिळते.

मदत मागविणे हाही प्रथमोपचाराचाच भाग होय. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ या क्रमांकावर सर्व प्रकारची तातडीची मदत मागता येते. दरीत दूरध्वनी लागत नसेल, तर उंच जागी जाऊन प्रयत्न करावा. निरोप्या धाडावयाचा झाल्यास शक्यतो दोघांना धाडावे आणि त्यांच्याजवळ चिठ्ठी द्यावी. तीत ठिकाण, अपघाताची वेळ, जखमींची संख्या व इजेचे स्वरूप लिहिलेले असावे. कारण घाबरलेला मनुष्य सांगताना निम्मे विसरतो. जखमीजवळ मात्र कोणीतरी थांबलेच पाहिजे. शिट्टी जवळ असेल, तर मिनिटास सहा वेळा ती वाजवून मिनिटभर थांबावे व पुन्हा वाजवावी. गिर्यारोहकांत हा संकटाचा संकेत रूढ आहे. मिनिटास तीन शिट्ट्या हे त्याचे उत्तर होय.

या सर्वांस लागणारी सामग्री एका लहान पिशवीत मावते. एक मीटर लांब व तितकेच रुंद स्वच्छ कापड कोनाकोनांतून कापले, की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. त्यांच्या जोडीला निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, साबण, पाणी, शिट्टी, कागद आणि पेन्सिल एवढे असले म्हणजे पुरे. परंतु ही पिशवी वापरणारे मन स्थिर नसेल, तर तिचा काही उपयोग नाही. संकटात प्रत्येकाला काहीतरी करावेसे वाटते. नेमके काय करावे आणि काय करू नये, हे ज्याला आधीपासून ठाऊक असते, त्याचाच हात अशा वेळी कापत नाही. डोंगरवाटेवर पडलेल्या सोबत्याला अशाच हाताची गरज असते.

स्वाध्याय

१. उतारावर पुढचा ब्रेक एकाएकी आवळल्यास स्वार पुढे का फेकला जातो?
२. जखमेवर ठेवलेले कापड मध्येच का उचलू नये?
३. ‘काही इजा डोळ्यांना दिसत नाहीत.’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. डोंगरात तुमच्या मित्राचा पाय मोडला आहे, अशी कल्पना करून मदतीसाठी पाठवावयाची चिठ्ठी लिहा.