पित्तनलिकेतील दुर्मीळ अर्बुदे व शेजारील अवयवांवरील परिणाम : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
यकृतात तयार होणारे पित्त पित्तनलिकांमधून लहान आतड्यात पोहोचते. या नलिकांमध्ये क्वचित अर्बुद, म्हणजे गाठ, निर्माण होते. तिचे पहिले ठळक लक्षण बहुधा कावीळ हेच असल्याने ग्रामीण भागात मूळ आजार ओळखण्यास विलंब होण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात या आजाराचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

अर्बुदाचे स्थान व परिणाम :
यकृताच्या उजव्या व डाव्या नलिका एकत्र येतात तेथील कर्करोगास 'क्लॅटस्किन अर्बुद' म्हणतात. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये अशा १३ रुग्णांचे वर्णन केले. या ठिकाणी पित्त यकृतातच तुंबते. शेजारून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेत अर्बुद पसरल्यास यकृताचा तो भाग आक्रसतो व शस्त्रक्रिया कठीण होते. याउलट नलिकेच्या खालच्या टोकाशी अर्बुद असल्यास पित्ताशय फुगते. स्वादुपिंडाची नलिकाही अडून पचन बिघडू शकते.

तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्यास थंडी वाजून ताप येतो व यकृतात गळू होऊ शकते. आतड्यात पित्त न पोहोचल्याने 'के' जीवनसत्त्वाचे शोषण घटते व रक्त लवकर गोठत नाही.

दोन काविळींतील फरक :
विषाणूजन्य कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे नाकात झाडपाल्याचा रस सोडणे किंवा कावीळ 'उतरविणे' या उपायांचे श्रेय त्यांना अकारण मिळते. अडथळ्याची कावीळ मात्र सहसा वाढतच जाते. अंगाला खाज, पांढुरका मल, गडद लघवी व घटणारे वजन ही तिची लक्षणे होत. सुरुवातीस पोट दुखत नसल्याने रुग्ण निर्धास्त राहतो.

स्थानिक संदर्भ :
शिरूर व दौंड ही गावे पुण्यापासून सुमारे ७० ते ८० किलोमीटरवर आहेत. साध्या सोनोग्राफीतही फुगलेल्या पित्तनलिका दिसू शकतात. पुढील तपासणीसाठी पुण्यातील ससून सर्वोपचार रुग्णालय हे शासकीय केंद्र उपलब्ध आहे. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेल्या जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचाही समावेश आहे.

निष्कर्ष :
अर्बुद पूर्णपणे काढता आले तरच रोगमुक्तीची आशा असते आणि ती संधी काळाबरोबर कमी होत जाते. म्हणून उतारवयातील, वेदनारहित व वाढत जाणारी कावीळ घरगुती उपायांवर न सोडता तिची सोनोग्राफी तातडीने करून घेणे आवश्यक ठरते.