भिंत जाड आहे, पण मजबूत आहे का?

मागच्या उन्हाळ्यात मामूजानना मुतखड्याच्या तपासणीसाठी लातूरला नेले. खडा अगदी लहान निघाला. पण सोनोग्राफी करणारे डॉक्टर पोटाच्या मधोमध बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "यांची मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे. ४.२ सेंटिमीटर." मामूजान अडुसष्ट वर्षांचे. दुखणे काहीच नाही, बिडी मात्र पन्नास वर्षांची.

ही रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. हृदयातून निघून ती पोटात उतरते. तिथे तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ३ झाली की डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. ती फुटली तर अनेकांना दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही.

"जुनं शरीर आहे, भिंत जाडच असेल," मामूजान हसले. मग मी त्यांना सास्तूरच्याच भिंती आठवून दिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी शाळकरी वयात होते. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती वरच्या माळवदासकट माणसांवर कोसळल्या. दगड कच्चे नव्हते. त्यांना धरून ठेवणारी माती कच्ची होती.

धमनीच्या भिंतीतही धरून ठेवणारे धागे असतात. इलॅस्टिन रबरासारखे ताणले जाऊन परत येते, कोलॅजन दोरासारखे जास्त ताणू देत नाही. फुगवट्यात इलॅस्टिन बरेचसे नष्ट होते आणि सगळा भार कोलॅजनवर येतो. तंबाखूचा धूर ही झीज वाढवतो. सायकलच्या ट्यूबला फुगा आला की तो तिथेच वाढत जातो, तसेच इथेही होते: रक्तदाब तोच असला तरी रुंदी वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भिंतीच्या पट्ट्या संशोधकांनी यंत्रावर तुटेपर्यंत ताणून पाहिल्या आहेत. त्या निरोगी भिंतीपेक्षा लवकर तुटतात. शिवाय एकाच फुगवट्यात एक जागा भक्कम, तर शेजारची कच्ची असते. त्यामुळे लहान फुगवटा कधी फुटतो आणि मोठा टिकून राहतो. जिवंत माणसाच्या भिंतीची ताकद थेट मोजता येत नाही, म्हणून डॉक्टर रुंदीवर भरवसा ठेवतात. पोटातल्या फुगवट्यासाठी पुरुषांत साधारण ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो.

आइनस्टाइन यांनाही हाच आजार होता. १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले, म्हणजे कच्च्या भिंतीला बाहेरून आधार दिला. तो सुमारे सहा वर्षे टिकला. एप्रिल १९५५ मध्ये धमनी फुटली तेव्हा त्यांनी ऑपरेशनला नकार दिला. आज त्या जागी कृत्रिम कापडाची नळी बसवतात. पुष्कळदा जांघेतून आत सरकवूनही.

मामूजानना सध्या ऑपरेशन नको. वर्षाला सोनोग्राफी आणि रक्तदाबाची गोळी. पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ आली, चक्कर आली, तर घरगुती काढा न देता थेट मोठा दवाखाना, हे मुमानींना दोनदा सांगून ठेवले आहे. हा आजार घराण्यात चालू शकतो, म्हणून त्यांच्या धाकट्या भावालाही तपासणीला नेणार आहोत.

बिडी दिवसाला दोनवर आली आहे, असे मामूजान सांगतात. परसात थोटके मात्र मला जास्त दिसतात.