शेड जुनी, स्वप्नं नवी!

एमआयडीसीतली रिकामी शेड आणि कॅन्सरवरचं औषध यांचा एकमेकांशी काय संबंध? सिंधुदुर्गात तो जुळू शकतो. आणि जुळलाच, तर मुंबई-पुण्यात पीजीमध्ये राहणाऱ्या कितीतरी मालवणी मुलामुलींना घरचा डबा घेऊन ऑफिसला जाता येईल!

सिंधुदुर्ग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तारकर्लीचं स्कूबा, सुरमईची थाळी, सोलकढी आणि लाँग वीकेण्डला कधीच कन्फर्म न होणारं कोकणकन्येचं तिकीट. १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून शिक्का बसल्यापासून हे चित्र आणखीनच पक्कं झालं. लॅबकोट घातलेली एखादी मुलगी त्या चित्रात कुठे दिसत नाही. ती असते रबाळेला, हिंजवडीला किंवा थेट हैदराबादला. गणपतीत आणि मे महिन्यात चार दिवस घरी येते, आंब्याची पेटी उचलते आणि परत जाते.

पण बॉस, चित्र बदलायला एक निमित्त मिळालंय. दोडामार्ग तालुक्यातल्या आडाळी एमआयडीसीत राष्ट्रीय औषधी वनस्पती संस्थेसाठी ५० एकर जागा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये घेतला. त्याआधी २०२० मध्ये ही संस्था लातूरला नेण्याच्या हालचालींवरून जिल्ह्यात भरपूर गदारोळ झाला होता. एका सरकारी संस्थेसाठी लोक एवढे का भांडले? कारण ही फक्त एक बिल्डिंग नव्हे, हे गावाकडच्या पोरांना कळलं होतं. सायन्स शिकून गावात राहण्याचा तो पहिला चान्स होता.

फॅक्टरीच्या जागी लॅबच का?

मॉल का नको? टॉवर का नको? लोअर परळमध्ये आपण तेच पाहिलं. गिरणीची चिमणी उभी राहिली आणि तिच्या बाजूला बोलिंग अॅली, पब आणि काचेची ऑफिसं आली. त्याच जागेत आज आपण कॉफी पितो आणि गिरणी कामगारांची घरं कुठे गेली, हे विचारायचं विसरतो.

लॅबचं गणित मात्र वेगळं. बायोलॉजीच्या लॅबला साधं ऑफिस चालत नाही. डोक्यावर एसीच्या जाडजूड डक्ट्स लागतात, म्हणून छत उंच हवं. खोलीतली हवा तासाला किमान सहा वेळा बदलावी लागते आणि ती पुन्हा आत फिरवून चालत नाही. उणे ८० अंशांवर चालणाऱ्या फ्रीझरची वीज गेली, की कुणाच्या तरी तीन वर्षांच्या मेहनतीचं पाणी होतं. मायक्रोस्कोप हलू नये म्हणून जमीन भक्कम हवी. वर भरपूर पाणी आणि सांडपाण्याची स्वतंत्र सोय. आता ही यादी पुन्हा वाचा. उंच छत, जास्त दाबाची वीज, दणकट फरशी, पाणी, ट्रक फिरेल असा रस्ता. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये यातलं बरंचसं आधीच असतं!

म्हणून तर रिलायन्स लाइफ सायन्सेसचा मोठा कॅम्पस कुठल्या आयटी पार्कमध्ये नाही. तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे एमआयडीसीत उभा राहिला. पुण्यात एनसीएलच्या आवारात २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू झालं. एखादं टेबल, एखादी छोटी लॅब भाड्याने घेऊन तिथे स्टार्टअप सुरू करता येतं. करोडोंचं मशीन विकत घ्यायची गरज नाही, तासाच्या हिशेबाने वापरा. थोडक्यात, सायन्सचं सायबर कॅफे!

गोळ्या-बिस्किटांच्या गल्लीतून बायोटेक

या खेळाचा सचिन तेंडुलकर म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजमधला केंडल स्क्वेअर. एकेकाळी तिथे साबण, रबर आणि गोळ्या-चॉकलेटचे कारखाने होते. साठच्या दशकापर्यंत एकेक बंद पडत गेले. आज जगातल्या बड्या औषध कंपन्या तिथे दाटीवाटीने बसल्यात. नेको नावाच्या गोळ्यांच्या जुन्या फॅक्टरीत २००४ मध्ये नोव्हार्टिसने संशोधन केंद्र थाटलं. भिंती त्याच, आत गोळ्यांऐवजी रेणू.

एमआयटी शेजारी होती, हे खरंच. पण गंमत वेगळीच आहे. १९७६ मध्ये जनुकांची जोडतोड करणाऱ्या प्रयोगांवरून केंब्रिजमध्ये मोठा वाद पेटला. शहराने काय केलं? सामान्य नागरिकांची समिती नेमली, त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि १९७७ मध्ये नियम केले. कंपन्या पळून जातील असं वाटलं होतं. झालं उलटंच! नियम स्पष्ट आहेत म्हटल्यावर १९८२ मध्ये बायोजेन तिथे आली आणि मग रांगच लागली. गावाला विश्वासात घेतलं, म्हणून धंदा वाढला.

दुसरा धडाही तिथलाच. कोविडनंतर बोस्टनच्या बिल्डरांनी इतक्या लॅब बांधल्या की २०२३ पासून मजलेच्या मजले रिकामे पडले. चकाचक लॅब बांधली म्हणून आत सायन्स आपोआप येत नाही. गेटवर 'बायोटेक पार्क' अशी पाटी लावून प्लॉट विकणाऱ्यांनी हे वाक्य फ्रेम करून लावावं.

आपल्याकडे आहे काय?

एमआयटी नाही, ओके. पण कच्चा माल? तो घराच्या मागच्या दारी आहे.

सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड उगवतं, काही जण त्याला अमृता म्हणतात. त्यात कॅम्पटोथेसिन असतं. त्यापासून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं जगभर वापरली जातात. हे रसायन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं करून दाखवणाऱ्या जोडीतले एक होते मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा! आपल्या नरक्यात ते आहे, हेही १९७२ पासून माहीत आहे. मग झालं काय? झाडं चोरून तोडली गेली, लाकूड बाहेर गेलं आणि किंमत वाढली ती दुसऱ्याच्या कारखान्यात. तोडणाऱ्याच्या हातात पडली फक्त मजुरी.

कोकमाचंही तसंच. आपल्याकडे फुटलेल्या टाचांना लावायचं मुठेल शहरात 'कोकम बटर' बनून महागड्या लोशनच्या बाटलीत बसतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय टॅग मिळालाय. काजूच्या 'वेंगुर्ला' जाती देशभर लावल्या जातात, त्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातच तयार झाल्या. म्हणजे संशोधन सिंधुदुर्गाला नवीन नाही. फक्त ते शेताच्या बांधावर थांबलं, कारखान्यापर्यंत आलं नाही.

आणि २०१६ आठवा. दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसं आजारी पडली, काहींचा जीव गेला. तपासणीसाठी रक्ताचे नमुने मणिपाल आणि पुण्याला जात होते. घरात माणूस तापाने फणफणलाय आणि रिपोर्ट दुसऱ्या राज्यातून यायचाय, ही काय अवस्था असते, ते तिथल्या घरांना विचारा. २०२१-२२ पासून सिंधुदुर्गनगरीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्याच्या जोडीला गोचिड, माकडं आणि जंगल यांचा अभ्यास करणारी लॅब जिल्ह्यात असणं ही चैन नव्हे.

डोंगर फोडायचा नाही हं!

खरी मेख इथे आहे. दोडामार्ग-सावंतवाडीचं जंगल म्हणजे वाघांचा कॉरिडॉर. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथली २५ गावं इको-सेन्सिटिव्ह म्हणून जाहीर करायला सांगितलं. औषधी वनस्पतींवर संशोधन करायचं आणि त्यासाठी त्या वनस्पतींचंच जंगल साफ करायचं, याला काय म्हणणार?

म्हणून जुनी इस्टेट वापरण्यात शहाणपणा आहे. एमआयडीसीसाठी जमीन एकदा गेलेलीच आहे, लोकांनी ती एकदा सोडलेली आहे. कुडाळ एमआयडीसीतले रिकामे प्लॉट आणि बंद शेड हा तर जिल्ह्यातल्या गप्पांचा जुनाच विषय. नवीन डोंगर कापण्याआधी ते वापरा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात जुन्या पत्र्याखाली लॅब करायची, तर छप्पर, दमट हवा आणि वीज यांवर खर्च होणारच. तरीही रस्त्यापासून सुरुवात करण्यापेक्षा तो परवडतो.

आणि वाटा? २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना फायद्यातला हिस्सा देण्याची तरतूद आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या झाडापाल्याची नोंदवही ठेवायची असते. ती नोंदवही कपाटात धूळ खात पडली, तर कॅम्पस कितीही चकाचक होऊ दे, गावाला मिळणार वॉचमनची नोकरी.

तुमचा नंबर लागेल का?

लाइफ सायन्स म्हणजे फक्त पीएचडी, हा गैरसमज काढून टाका.

• बीएस्सी केमिस्ट्री, मायक्रो: क्वालिटी कंट्रोल, टेस्टिंग
• बॉटनी: वनस्पतींची ओळख, रोपवाटिका, टिश्यू कल्चर
• आयटीआय, डिप्लोमा: एसी, जनरेटर, मशीन मेंटेनन्स. लॅब खऱ्या अर्थाने हेच लोक चालवतात!
• बीफार्म: कागदपत्रं, परवाने, ऑडिट
• कॉम्प्युटरवाले: डेटा. तोच लॅपटॉप, फक्त खिडकीबाहेर माड

मोपा विमानतळ २०२३ पासून सुरू आहे, रेल्वे आहेच. 'येवा, कोकण आपलाच आसा' असं आपण पाहुण्यांना इतकी वर्षं सांगत आलो. आता तेच जरा घरच्या पोरांनाही सांगायला हवं. पण त्यांना नुसतं 'येवा' म्हणून चालणार नाही. आल्यावर पगाराची स्लिपही हातात पडायला हवी.