शेततळ्याच्या पाण्याचे तापमान

घरच्या हवामान केंद्रावर हवेचे तापमान दिसते. परंतु शेततळ्यातील रोहू-कटल्यांस त्याचा काय उपयोग? पाणी सावकाश तापते व सावकाशच निवते. शिवाय २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांस साडेसातच. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करितात, त्याचे एक कारण हे होय.

यास्तव केंद्रास पाण्यातील तापमापक जोडावा. घरी जुळविलेल्या केंद्रास पोलादी नळीतील डीएस१८बी२० हा संवेदक चालतो. त्याची एक तार वीजपुरवठ्याच्या धन बाजूची, एक ऋण बाजूची, तिसरी संदेशाची. धन व संदेश या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक घालावयास विसरू नये. पुष्कळांची पहिली खटपट येथेच फसते.

प्रथम तो वितळत्या बर्फात धरून पाहावा. शून्यापासून अर्ध्या अंशाचा फरक क्षम्य. काठाशी ठेवू नये, तेथील उथळ पाणी दुपारी उगाच तापलेले असते. तरंगत्या डब्याखाली वजन बांधून मीटरभर खोल सोडावा. लांबविलेल्या तारेचा सांधा मात्र पाण्याबाहेरच हवा.

पहाटेचे पाणी ३० अंशांवर व आभाळही भरलेले, असे दिसल्यास त्या दिवशी खाद्य आवरावे आणि रात्री पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात सोडावे.