कुंपणांतला फोन : सोय आणि पारतंत्र्य

हल्लीं शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशांत फोन असतो व त्या फोनांत त्याचें अर्धें दफ्तर असतें. सातबाऱ्याची प्रत, पिकावरील रोगाचीं छायाचित्रें, मजुरीचा हिशेब, व्यापाऱ्याशीं ठरलेला भाव, हें सर्व तेथेंच सांठविलेलें असतें. त्यामुळें कोणता फोन घ्यावा हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. आमच्या कित्येक सभासद बंधूंनीं ॲपल कंपनीच्या आयफोनाविषयीं विचारणा केली आहे. प्रस्तुत लेखक गेल्या हंगामापासून तो वापरीत असून, त्याच्याविषयीं मनांत समाधान आणि शंका अशा दोन्ही भावना आहेत. त्या दोहोंचीं कारणें येथें देतों.

प्रथम ही व्यवस्था कशी आहे तें पाहूं. आयफोन २००७ सालीं विक्रीस आला. पुढें १० जुलै २००८ रोजीं कंपनीनें ॲप स्टोअर नांवाचें दुकान उघडलें. फोन, त्याला चालविणारी प्रणाली व हें दुकान, तिन्ही एकाच कंपनीच्या हातीं आहेत. आपल्याकडे या फोनावर नवें ॲप घ्यावयाचें तर तें सामान्यतः याच दुकानांतून घ्यावें लागतें. याच्या उलट, गूगलची अँड्रॉइड प्रणाली अनेक कंपन्यांच्या फोनांवर चालते, व त्यांवर दुकानाबाहेरूनहि ॲप बसवितां येतें.

या कुंपणाचा फायदा नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. दुकानांत येणारें प्रत्येक ॲप आधीं तपासलें जातें. त्यामुळें अनोळखी दुव्यावरून फसवें ॲप फोनांत शिरण्याची भीति बरीच कमी होते. फसवणूक मुळींच होत नाहीं असें नव्हे; पण वाट अरुंद असली म्हणजे चोरासहि ती अरुंदच असते. दुसरें, जुन्या फोनासहि नवी प्रणाली पुष्कळ वर्षें मिळते. २०१५ सालच्या आयफोन ६ एस या फोनास २०२१ सालची प्रणालीहि मिळाली होती. वारंवार फोन बदलणें ज्यास परवडत नाहीं, त्यास ही गोष्ट मोलाची आहे.

आतां दुसरी बाजू. संकरित बियाण्याचा अनुभव आपणां सर्वांस आहे. पीक जोमदार येतें, परंतु त्याच पिकाचें बीं राखून पुढच्या सालीं पेरलें तर तो जोम राहत नाहीं. पुन्हां दुकानाची पायरी चढावी लागते. या फोनाचेंहि कांहींसें तसेंच आहे. ॲपलचें मनगटी घड्याळ दुसऱ्या कंपनीच्या फोनास जोडतां येत नाहीं. एका प्रणालीसाठीं विकत घेतलेलें ॲप दुसरीकडे बहुधा पुन्हां विकत घ्यावें लागतें. असें एकेक करितां करितां बाहेर पडण्याचा खर्च वाढत जातो, आणि तो विकत घेतांना पावतीवर दिसत नाहीं.

हें कुंपण अढळ आहे असेंहि नाहीं. सर्व फोनांस एकाच प्रकारचें चार्जिंगचें तोंड असावें असा कायदा युरोपीय संघानें २०२२ सालीं केला, व २०२३ सालच्या आयफोन १५ पासून ॲपलनें तें स्वीकारलें. मार्च २०२४ पासून त्या संघाच्या देशांत इतरांच्या दुकानांसहि आयफोनावर वाट मिळाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली. तिच्या विचारार्थ जीं क्षेत्रें घेतलीं, त्यांत मोबाईल फोनाबरोबर शेतीचीं अवजारेंहि आहेत. ट्रॅक्टराची आणि फोनाची गोष्ट एकच आहे हें यावरून ध्यानांत यावें : आपल्या पैशानें घेतलेली वस्तु उघडण्याचा अधिकार कोणाचा ?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटीं सांगतों. वहींतला हिशेब घरांतल्या कोणासहि वाचतां येतो. फोनांतला हिशेब धन्याच्या परवलीच्या शब्दाखेरीज उघडत नाहीं. उद्यां घरधनी अकस्मात् गेला, तर कोणाकडून किती येणें आहे हें बायकामुलांस कसें कळावें ? यासाठीं डिसेंबर २०२१ पासून आयफोनांत ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून सोय आहे. आपल्या पश्चात् ॲपलच्या खात्यांत सांठविलेलीं छायाचित्रें व टिपणें कोणास पाहतां यावींत, तें नांव आधीं नोंदवून ठेवितां येतें. परंतु सांठविलेले परवलीचे शब्द व विकत घेतलेलीं गाणीं किंवा पुस्तकें त्या वारसास मिळत नाहींत. ही नोंद ज्यानें केली नसेल त्यानें आजच करावी.

तेव्हां आमचें मत असें. ज्यास सुरक्षितता व टिकाऊपणा हवा आणि किंमत झेपते, त्यानें हा फोन खुशाल घ्यावा. मात्र कर्ज काढून घेऊं नये. छायाचित्रांची एक प्रत संगणकावर किंवा वेगळ्या साठवणींत ठेवावी. हिशेब कोणत्याहि फोनावर उघडेल अशा साध्या तक्त्यांत लिहावा, व दर महिन्यास येण्यादेण्याची यादी वहींत उतरवावी. प्रस्तुत लेखकानेंहि फोन ठेविला आहे, आणि वहीहि ठेविली आहे.